बंद गाडीतला ठोका

माझा मधला मामा गाड्यांमध्ये स्पीकर बसवायचा. तीस वर्षं त्या धडधडीत काढून त्याचा डावा कान कामातून गेला होता. मामी म्हणायची, "गेला कसला! मी ज्या बाजूला बसते त्या बाजूचाच बंद करून ठेवलाय." त्यामुळे मामा आवाज तळहातानं तपासायचा. सबवूफरच्या, म्हणजे खर्जाच्या त्या मोठ्या स्पीकरच्या पडद्यावर हात टेकवायचा, डोळे मिटायचा आणि काय बिघडलंय ते सांगायचा.

एका सकाळी चित्रकला शिकवणाऱ्या एक बाई दुकानात आल्या. नवरा जाऊन आठ महिने झाले होते. नाश्ता करता करता खुर्चीतच गेला.

"त्यांची गाडी गॅरेजमध्ये उभी आहे," त्या म्हणाल्या. "स्पीकर त्यांनी स्वतः बसवले होते. मी आता गाडी शिकतेय, उद्या शेजारचे नवी बॅटरी टाकून देणार आहेत. पण बॅटरीचं ठरल्यापासून, चार दिवस झाले, डिकीतून ठोके येतायत."

"उंदीर असेल."

"उंदीर ताल धरत नाही हो."

मामा पिशवी घेऊन निघाला. गॅरेज अरुंद, एका बल्बचं. गाडीवर बोटभर धूळ होती, फक्त मागच्या दाराची मूठ लख्ख होती. मामानं आधी बॅटरीला मीटर लावला. बारा हवेत तिथं दोन व्होल्ट! एवढ्यावर अ‍ॅम्प्लिफायर सोडाच, आतला दिवासुद्धा लागला नसता. तरी त्यानं बॅटरीच्या दोन्ही तारा सोडवल्या, डिकी उघडली आणि पडद्यावर हात ठेवला.

ठोका आला.

मऊ, आतून ढकलल्यासारखा. मग थोडं थांबून दुसरा. मामाला वाटलं, आपलीच नाडी असेल. त्यानं दुसऱ्या हाताची बोटं मानेवर दाबली. त्याची नाडी तोवर घोड्यासारखी उधळली होती. हाताखालचा ठोका मात्र सावकाश चालला होता. त्यानं स्पीकरच्या तारा उपटल्या. ठोका थांबला नाही.

"येतोय ना?" बाईंनी दारातून विचारलं.

"येतोय," मामा म्हणाला. खोटं बोलायचं त्याला सुचलंच नाही.

पळून जावंसं वाटत होतं, असं तो नंतर मामीला म्हणाला. पण हातांना कामाची सवय. त्यानं बॅटरीपासून डिकीपर्यंतची लाल तार बोटांनी चाचपायला घेतली. इंजिनामागच्या पत्र्यातून ती जिथं आत शिरत होती, तिथं भोकाला रबर नव्हतं. पत्र्याच्या धारेनं तारेचं आवरण कापलं होतं आणि उघडं तांबं पत्र्याला टेकलं होतं. बॅटरीजवळ फ्यूजही नव्हता.

मामानं ते बाईंना दाखवलं. "बाई, उद्या भरलेली बॅटरी लावली असती ना, तर ही तार जागच्या जागी पेटली असती."

बाईंनी छताकडे पाहिलं. वर त्यांच्याच झोपायच्या खोलीची जमीन होती.

मामानं दुपारपर्यंत सगळं नव्यानं बांधलं. जाड तार, भोकाला रबर, बॅटरीपासून वीतभर अंतरावर फ्यूज. अर्थिंगची तार रंगावरच आवळलेली होती. तिथला रंग खरवडून ती नागड्या पत्र्यावर घट्ट बसवली. दोन सबवूफर असे जोडलेले होते की अ‍ॅम्प्लिफायरवर झेपणार नाही इतका भार यावा. ते एकामागे एक जोडून भार हलका केला. मग दुकानातून चांगली बॅटरी आणून लावली, मीटर बघत आवाजाची मर्यादा ठरवली आणि गाणं लावलं. खर्ज स्वच्छ आला. अ‍ॅम्प्लिफायर कोमट झाला, तापला नाही.

त्यानं स्टिरिओ बंद केला, पडद्यावर हात ठेवला. दोन मिनिटं, पाच मिनिटं. काही नाही.

"थांबलं," तो म्हणाला.

बाई मागच्या सीटवर येऊन बसल्या. बराच वेळ कान देऊन राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "पहिल्या दिवशी घाबरले होते. नंतर रोज इथं येऊन बसत होते. पहिल्यासारखं करता येईल का हो?"

"नाही बाई," मामा म्हणाला. "ते माझ्या हातात नाही. आणि असतं तरी केलं नसतं."

त्या रडल्या. मामा त्यांच्याकडे पाठ करून हत्यारं पुसत उभा राहिला.

महिन्याभरानं बाईंना परवाना मिळाला. त्या रोज शाळेत गाडी नेऊ लागल्या. मामीनं एकदा जेवताना खोदून विचारलं, "खरंच तारा काढल्यावरही ठोका येत होता? की तुमच्या हातालाही कानासारखं झालंय?" मामा नेहमी अशा वेळी हसून वेळ मारून न्यायचा. त्या दिवशी त्यानं जेवण अर्धवट सोडलं आणि हात धुवायला उठला.