डिकीवरची स्टेपनी

बाबा उरवड्याच्या एका कारखान्यात फिटर होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी एक जुनी, उघड्या टपाची छोटी स्पोर्ट्स कार घरी आणली. कुणाच्या तरी शेडमध्ये ती कित्येक वर्षं बंद पडून होती. घरात आम्ही तिघं आणि गाडीत जागा दोघांना.

"मग घरी कोण राहणार?" आईनं विचारलं.

"कुणीच नाही. ही येईल की मागून स्कूटरवर," बाबा म्हणाले.

ही म्हणजे मी. तेव्हा बावधनला एका ऑफिसात नोकरी करत होते, आणि शनिवार-रविवार बाबांना पाने हातात देण्यात जायचे.

गाडी चालती झाली, तरी एक प्रश्न उरला. डिकी इतकी लहान होती की स्टेपनी ठेवली की आईची पिशवीही मावेना. थर्मास, डबा आणि शाल घेतल्याशिवाय आई कुठं जात नसे. स्टेपनीशिवाय बाबा गाडी बाहेर काढत नसत. दोन दिवस यावर थोडी धुसफूस झाली आणि मग बाबांनी तोडगा काढला. स्टेपनी बाहेर, डिकीच्या झाकणावर बसवायची.

झाकणाच्या मधोमध भोक पाडताना पत्रा दबू नये म्हणून मी आतून लाकडी ठोकळा धरून बसले. नव्यानं रंगवलेल्या पत्र्याला ड्रिल लावण्याआधी बाबांनी तीनदा माप घेतलं होतं. मग आतून लोखंडी पट्टी, तिच्यातून एक जाड बोल्ट, बोल्टवर चाक, वरून मोठा नट, आणि सगळ्यावर कातडी पट्टा.

"एकाच बोल्टवर राहील?" मी विचारलं.

"अगं, जन्मभर हेच केलंय मी."

पुढच्या रविवारी सकाळी आम्ही मुळशी धरणाच्या बाजूला निघालो. पुढं ते दोघं, मागं मी. पौड मागं पडलं तसं मला दिसलं, स्टेपनी हलतेय. आधी थोडी, मग प्रत्येक खड्ड्याला जास्त. मी हॉर्न वाजवला. आईनं वळून हात हलवला. मी पुन्हा वाजवला, तिनं पुन्हा हलवला. ती इतकी खुशीत होती की मी ओरडतेय हे तिच्या लक्षातच येईना.

एका गतिरोधकावर चाक सुटलं. माझ्या स्कूटरच्या बाजूनं उड्या मारत गेलं आणि रस्त्याखालच्या कापलेल्या शेतात उतरलं. तिथं मेंढरं चरत होती. ती दोन्हीकडं पांगली, आणि मेंढरांमागच्या धनगर बाईनं हातातली काठी आडवी धरून चाक लोळवलं.

आम्ही धापा टाकत पोचलो. "ताई, लागलं नाही ना कुणाला?" बाबांनी विचारलं. त्यांचा चेहरा उतरला होता.

"न्हाई, मेंढरं बिचकली निसती. कशाला बांधलं हुतं?"

चाक ढकलत तीही आमच्याबरोबर वर गाडीपाशी आली. नट कुठंतरी पडला होता, पट्टा लोंबत होता, भोकाभोवतीचा पत्रा आत वाकला होता. तिनं वाकून बोल्ट हलवून पाहिला.

"दादा, एकाच जागी धरलं की वझं झोकं खातंय. झोकं खाल्लं की गाठ सैल व्हती. आमी घोड्यावर बिऱ्हाड लादतो ना, तवा तीन अंगांनी आवळतो."

"तीन अंगांनी म्हणजे कसं?"

"हितं धरा, दावते."

तिनं कमरेची दोरी सोडली. चाकातून ओवून तिचे दोन पदर खाली बंपरला दोन बाजूंना ताणले, तिसरा वर सीटमागच्या लोखंडी कमानीला. बाबा चाक धरून उभे होते आणि कारखान्यात नवीन आलेल्या माणसासारखे तिच्या हातांकडं बघत होते. मग आईनं थर्मास उघडला आणि आम्ही चौघांनी बांधावर बसून चहा घेतला.

दुसऱ्या दिवशी बाबांनी तीन पायांची लोखंडी चौकट करायला घेतली. वरचा पाय झाकणाच्या बिजागरीजवळ, खालचे दोन कडेला, प्रत्येक पायाखाली रबर. आठवड्यानं दोरी परत द्यायला गेलो, तेव्हा त्या बाईनं दोन्ही हातांनी चाक गदागदा हलवलं. "आता ऱ्हातंय," ती म्हणाली. कारखान्यात कुणी कौतुक केलं तर बाबा विषय बदलायचे. त्या दिवशी मात्र घरी येईपर्यंत ते आईला दोनदा म्हणाले, "ऱ्हातंय म्हणाली."

बाबांना जाऊन आता तीन वर्षं होतील. गाडी मी चालवते, शेजारी आई असते. गेल्या महिन्यात झाकण रंगवायला द्यायचं म्हणून मी चौकट उतरवली. पायांखालची रबरं कडक होऊन चिरली होती. निळी, गोल, कात्रीनं कापलेली. एकावर अजून खाचांची नक्षी दिसत होती.

मी ती आईला दाखवली. तिनं हातात घेऊन उलटसुलट केली.

"ही त्यांची मोरीतली चप्पल," ती म्हणाली. "मी किती दिवस शोधत होते. मला म्हणाले, कुत्र्यानं नेली असेल."

मी दुकानातून नवी रबरं आणून बसवली. चाक घट्ट आहे. जुनी तिन्ही आईनं पुसून खिडकीत ठेवली आहेत, आणि कुणी विचारलं तर कुत्र्याची गोष्ट सांगते.