पाण्याखालचं माहेर

मंडळी, आज सासूबाईंना घेऊन आम्ही धरणाच्या बॅकवॉटरला पक्षी बघायला गेलो होतो. लेकीसाठी बोट ठरवली. सगळे चढलो, पण सासूबाई काठावरच थांबल्या.

"आई, भीती वाटते का?" मी उतरून त्यांच्याजवळ जात हळूच विचारलं.

"भेव नाही वाटत व बाई. खाली माह्या मायचं घर आहे. त्याच्यावरून कशी जाऊ?"

त्यांचं माहेर धरणात गेलं हे मला माहीत होतं, पण ते इथेच आहे हे नव्हतं.

मी त्यांच्यापाशीच थांबले. नवरा आणि लेक फिरून येईपर्यंत सासूबाई मला पाण्यात अंगण, विहीर, धानाची कोठी दाखवत राहिल्या. मला बदकंच दिसत होती.

"आजी, किती मस्त वाटलं!" लेक परत येऊन म्हणाली. त्या नुसत्या हसल्या.

तुम्ही असता तर लेकीला सांगितलं असतं का?