मूळ पेशींच्या बाई

कोणी काहीही विचारलं, की बाई आधी चष्मा काढायच्या, पदराने पुसायच्या आणि म्हणायच्या, "अजून माहीत नाही." शेजारणीने "बाई, आज नळ येईन का?" विचारलं तरी तेच. गल्लीला नवल वाटे, एवढी शिकलेली बाई, हिला काहीच कसं ठाऊक नाही!

तुमच्याही पाहण्यात असं एखादं माणूस असेल. बाई मूळच्या खामगावच्या. मोठ्या शहरात तीस वर्षं रक्ताच्या कर्करोगावर संशोधन केलं आणि निवृत्तीनंतर माहेरच्या बंद घरात एकट्याच राहायला आल्या. मी शेजारच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन. दुपारी त्या येत, स्टुलावर बसून माझ्या स्लाइड्स पाहत.

"हाडांच्या मगजात मूळ पेशी असतात," त्या सांगत. "सगळं रक्त त्यांच्यापासून बनतं. त्यातली एखादी बिघडून झोपून राहिली, तर औषधालाही सापडत नाही. मी तिलाच शोधत होते."

"सापडली?"

"थोडीशी."

एकदा संग्रामपूरकडचा एक भाजीपाला पिकवणारा शेतकरी सात वर्षांच्या लेकीला घेऊन आला. ताप उतरत नव्हता, अंगावर निळे डाग. बाईंनी स्लाइड पाहिली. पुन्हा पाहिली. मला लॅबच्या डॉक्टरांना बोलवायला सांगून स्वतः बाहेर बापाशेजारी जाऊन बसल्या. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, तेव्हा तो बाईंकडेच वळला.

"बाई, बरी होईन ना माही पोरगी?"

"अजून माहीत नाही. पण आजच नागपूरला निघा."

ते गेल्यावर मी चिडलो. "दोन शब्द धीराचे बोलल्या असत्या तं काय बिघडत होतं?"

"माझ्या भावाच्या वेळी डॉक्टर म्हणाले होते, काही होत नाही," त्या म्हणाल्या. "आईने त्याला शाळेचे नवे कपडे शिवले."

मग त्यांनी पुढची स्लाइड मागितली.

उपचार चालले तितकी वर्षं, आणि त्यानंतरही, दर रविवारी बाई त्या बापाला फोन करायच्या. बाईंना मात्र कोणाचा फोन आलेला मी कधी ऐकला नाही.

मागच्या हिवाळ्यात त्या झोपेतच गेल्या. सकाळी दूधवाल्याने दार वाजवून वाजवून मला बोलावलं. कळवायचं कोणाला? फोनमध्ये एकच नंबर पुन्हा पुन्हा दिसत होता.

तो शेतकरी दुपारच्या आत पोचला. खांदा द्यायला तो, मी, दूधवाला आणि गल्लीतला एकजण. मसणातून परतताना तो म्हणाला,

"पोरगी शाळेत गेली आज. तिले सांगतलं नाही मी."