बाण कुठल्या बाजूला काढू?

सलीमभाई पेंटरनं जन्मात कुणावर विश्वास ठेवला नाही.

माझ्यावर तर नाहीच.

आज त्याला जाऊन वर्ष झालं.

जुन्नरच्या पेठेत विहिरीवरच्या मोटारी रिवाइंड करायची माझी टपरी होती, दुकान नंतर झालं. शेजारीच त्याचं बोर्ड रंगवायचं काम चालायचं. मी चहा सांगितला की हा आधी कप हुंगणार. "भाऊ, आज तू पाजतोयस. काम काय काढलंस?"

दूध पातळ आलं की सगळ्यांनाच संशय येतो. सलीमभाईला दूध घट्ट आलं की यायचा!

नव्वदच्या दशकातली गोष्ट. पांढऱ्या जीपमधून पुण्याचे एक साहेब आले. आमच्या डिंगोरे गावाच्या वरच्या अंगाला त्यांनी डोंगरउतार घेतला होता. फार्महाऊस प्लॉटिंग.

ऑर्डर काय, तर मोठा बोर्ड. वर नाव "लेक व्ह्यू". खाली बाण.

जीप गेल्यावर टपरीवर नुसता हशा.

"कुणाची लेक बघायची म्हणं?"

"कांदेपोहे हायेत का पण?"

सलीमभाई हसला नाही.

"भाऊ, तुझ्या गावाच्या वर तळं हाय?"

"न्हाई."

"मग हे लोक बघणार काय?"

"आरं नावच ते! 'गोकुळ' बिल्डिंगीत काय गाई असत्यात?"

"बिल्डिंगीला बाण नसतो."

दुसऱ्या दिवशी मला मोटारसायकल काढायला लावली. वर जाऊन बघतो तर तळं नव्हतंच. होता तो आमचा ओढा. आणि ओढ्याला आडवी, ह्या टेकडीपासून त्या टेकडीपर्यंत, चुन्याच्या फक्कीची सरळ रेघ, बांध घालायच्या जागी मारतात तशी.

त्याच ओढ्यावर खालचा पाझर तलाव भरतो. तलावाच्या जिवावर गावच्या विहिरी. माझ्या आईचीही.

मी खाली गावाकडं बघितलं. सलीमभाई माझ्याकडंच बघत होता.

"पाणी तुटलं की मोटारी कोरड्या पळत्यात. कोरड्या पळाल्या की जळत्यात. जळाल्या की तुझ्याकडं येत्यात. भाऊ, तू न्हाईस ना ह्यात?"

असा माणूस!

ग्रामसभा भरली. साहेब एकदम मऊ. "बंधूंनो, तुमच्या पाण्याला आम्ही हातही लावणार नाही."

माझे कान मोटारीच्या आवाजावर वाढलेत. बेअरिंग घासायला लागलं की मला लांबून कळतं.

मी म्हटलं, "हात नका लावू साहेब. पण अडवणार का?"

"आम्ही झाडं लावणार आहोत. पोरांना रोजगार देणार आहोत."

विचारलं पाण्याचं, उत्तर आलं झाडांचं.

तेवढ्यात टेम्पोतून सलीमभाई उतरला. गाव त्याचं नव्हे, त्याला सभेत बोलायचा हक्क नव्हता. त्यानं बोर्ड देवळाच्या पाराला टेकवून उभा केला. रंग अजून ओला होता.

"साहेब, बोर्ड झालाय. बाण तेवढा राहिलाय. तळं कुठल्या बाजूला दाखवू?"

साहेब हसले. "ते नंतर बघू."

"नंतर कसं? ब्रश भिजवून आणलाय. पण ऑइलपेंट हाय, चुकला तर पुसायचा न्हाई. आत्ताच सांगा."

साहेबांनी घड्याळ बघितलं.

मग बायकांतून माझी आई ओरडली, "आरं, वड्याकडंच काढ की! दुसरं हाय काय तिथं?"

सगळं गाव उठलं. "फक्की कशाला मारली ते आधी सांगा!"

शेवटी साहेबांच्या तोंडून आलंच. "छोटासाच बंधारा आहे हो. शोभेसाठी."

शोभेसाठी!

ओढा अडवू द्यायचा नाही असा ठराव तिथंच झाला. जीप गेली. बोर्ड राहिला.

परत येताना मी त्याची पाठ थोपटली, तर हात झटकून म्हणतो, "लई खूश होऊ नको. परत येतील. नाव बदलून येतील."

पुढं फ्लेक्स आले आणि त्याचा ब्रश वाळला. त्याची तक्रार धंद्याची नव्हती. म्हणायचा, "मशीनला संशय येत न्हाई, भाऊ. सांगाल ते छापतं."

परवा फाट्यावर नवा फ्लेक्स लागलाय. "रिव्हरसाइड व्हिला." झकास रंग. खाली बाण.

मी गाडी थांबवली. बाणाच्या टोकाच्या रेषेत नजर नेत गेलो.

ओढा.

सलीमभाई, सोमवारी ग्रामसभा आहे. आईला पुढं बसवणार आहे. तुझा बोर्ड माझ्या गोडाऊनमध्ये अजून आहे, बाणाशिवाय. तोही नेतोय.

आज तुझ्या नावानं दोन चहा सांगितले.

आणि हो, ह्या वेळी काम होतं.

तुला मनापासून सलाम, पेंटर.