मनूचा डावा डोळा

आज दुपारपासून स्वतःवरच चिडले आहे, म्हणून इथे लिहितेय.

सासूबाईंचा चष्मा बदलायला डहाणूला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो होतो. माझी नऊ वर्षांची मनू सोबत होती. डॉक्टर सहज म्हणाले, "बस, तुझेही डोळे बघू."

उजवा डोळा झाकला आणि ही अडलीच. सगळ्यात मोठं अक्षरही वाचेना. मी ओरडले, "मनू, नाटकं नकोत हां!"

"मम्मी, खरंच दिसत नाही गं."

डावा झाकल्यावर मात्र शेवटची ओळही धडाधड वाचली.

डावा डोळा लहानपणापासूनच कमजोर आहे म्हणे. आता चष्मा, आणि चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी, म्हणजे कमजोर डोळ्याला काम करावं लागेल. "चार-पाच वर्षांची असताना आणली असती तर सोपं गेलं असतं," डॉक्टर म्हणाले. आता किती सुधारेल, तेही सांगू शकले नाहीत.

लसीची एकही तारीख मी चुकवली नाही. डोळे कधीच दाखवले नाहीत, कारण तिने तक्रारच केली नाही!

घरी मसोलीला परतताना रिक्षात तिने विचारलं, "मम्मी, सगळ्यांना दोन्ही डोळ्यांनी सारखंच दिसतं?"

तिला हेच माहीत नव्हतं, तर ती तक्रार कशी करणार होती? तुम्हीही मुलांच्या तक्रारीची वाट बघताय का?