नव्या गाडीला लावलेले दिवे

आमच्या घरात पहिली नवी मोटार आली तेव्हा थोरला मुलगा शाळेत जायला लागला होता आणि धाकटा अजून कडेवर होता. तापीच्या अलीकडच्या काठाला, प्रकाशा गावाच्या समोर आमचं गाव. गाडी मुंबईहून रेल्वेने नंदुरबारला आली आणि तिथून यांनी ती स्वतः चालवत आणली. यांनी म्हणजे माझ्या नवऱ्याने. नाव घ्यायची रीत नव्हती, आणि आता ते नसतानाही माझ्या तोंडून ते निघत नाही. गावात त्यांना सगळे आप्पा म्हणत.

चालवायला त्यांना नंदुरबारच्या एका मिस्तरीने शिकवलं होतं. तो कापसाच्या जिनिंगच्या इंजिनावर कामाला होता, उरलेल्या वेळात प्रवासी मोटारी दुरुस्त करायचा. यांच्याच वयाचा, मुसलमान, बोलका. अहिराणी त्याला आमच्याइतकीच यायची, पण महत्त्वाचं काही सांगायचं असलं की तो हिंदीवर जायचा.

पहिले काही दिवस आनंदाचे गेले. हे सकाळी गाडी काढत, शहाद्याकडचे पाहुणे नदीच्या उतारापर्यंत सोडून येत. दिवसा त्यांचा हात इतका सफाईदार होता की मागे बसून मला झोप लागायची. मग एकदा बाजाराहून परतताना सूर्य बुडाला. दिवे लावले तरी गाडी बैलगाडीच्या चालीने चालू लागली. हे पुढे वाकून, मान ताणून बघत होते. गावाच्या वळणावर गाडी सरळ एका मळ्याच्या काटेरी कुंपणात शिरली. कोणाला लागलं नाही, रंगावर तेवढे ओरखडे उठले.

"कंपनीनी बत्ती मंद शे," खाली उतरून ते म्हणाले. मला वळण दिसलं होतं. कुंपणही दिसलं होतं. पण नवीन गाडी, नवीन हात, मी गप्प राहिले.

त्यांनी मुंबईहून मोठे दिवे मागवले. परातीएवढ्या काचा, आतून चांदीसारखे लखलखीत. ते बसवायला मिस्तरी सुट्टीच्या दिवशी गावी आला. मूळच्या कंसांवर ते बसेनात, म्हणून त्याने आमच्या लोहाराकडून पट्ट्या करून घेतल्या, भोकं पाडली, तारा ओढल्या. अर्धं गाव अंगणात जमलं होतं. हे त्याच्या शेजारी उकिडवे बसून पाने-पक्कड हातात देत होते. त्या दिवशी मी त्यांना जितकं खूश पाहिलं तितकं नंतर कधी पाहिलं नाही.

अंधार पडू लागल्यावर दोघांनी गाडी नदीच्या रस्त्यावर नेली. मला आणि मुलांना मागे बसवलं होतं. मिस्तरी पांढरं फडकं घेऊन पुढे चालत गेला आणि बाभळीपाशी उभं राहून ओरडला, "दिखता है क्या, आप्पा?"

"काय बी दिखत नही!"

तो जवळ आला. "अब?"

"नही."

आणखी जवळ आला. मला त्याच्या सदऱ्याची बटणं दिसत होती. रस्ता दुधासारखा उजळला होता, कडेच्या गवताची पाती न् पाती दिसत होती. मिस्तरीने फडकं खाली केलं, येऊन यांच्या जागी बसून समोर पाहिलं. मग म्हणाला, बॅटरी कमी पडत असेल.

पुढच्या वेळी दुसरी बॅटरी आली. ती गाडीच्या पायरीवर पेटीत बसवली. मग समोरच्या काचेच्या कडेला हाताने फिरवायचा फोकस आला. प्रत्येक वेळी मिस्तरी यायचा, खपायचा, आणि प्रत्येक वेळी त्या रस्त्यावर जाऊन तेच उत्तर घेऊन परतायचा. फोकस बसवला त्या दिवशी हे हात धुवायला विहिरीकडे गेले तेव्हा तो स्वयंपाकघराच्या दाराशी आला. मी त्याला चहा दिला. कप हातात धरूनच तो म्हणाला, "भाभी, बत्ती में कुछ कमी नहीं है."

"माले माहीत शे," मी म्हटलं.

त्याच संध्याकाळी, जेवायला वाढताना, मी यांना सांगितलं. "बत्ती मंद नही. तुम्हना डोया मंद शेतस."

"हाई तुले कोनी सांगं?"

"कोनी कसाले? जे माले दिखस ते तुम्हले दिखत नही."

त्यांनी ताट सरकवलं आणि ओट्यावर जाऊन बसले. सासूबाई आतून ऐकत होत्या. त्या हळूच म्हणाल्या की सासरे दिवेलागणीनंतर कधी घराबाहेर पडत नसत, लोक त्याला पाटीलकीचा ताठा समजत. एवढं बोलून त्या रडू लागल्या.

मला वाटलं होतं हे माझ्याशी भांडतील. भांडले नाहीत. काही दिवसांनी एका सकाळी म्हणाले, सुरतेला जायचं, तयारी कर.

सुरतेच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी अंधाऱ्या खोलीत बराच वेळ तपासलं. मग मला आत बोलावलं. हा रोग रक्तातून येतो, म्हणाले. आधी रात्रीचं जातं, मग दोन्ही बाजूंचं, नळीतून पाहावं तसं मधलंच तेवढं उरतं, शेवटी तेही जातं. औषध नाही, चष्मा नाही, शस्त्रक्रिया नाही. गाडी आजच सोडा. हे खाली मान घालून ऐकत होते. निघताना डॉक्टरांनी विचारलं, मुलं किती? ते का विचारलं हे मला परतीच्या आगगाडीत, व्यारा स्टेशनच्या पुढे कुठेतरी उमगलं.

त्यानंतर रोज सांजेला मी मुलांशी खेळ म्हणून अंगणात लिंबू टाकायची आणि शोधून आणा म्हणायची. थोरला सुटला. धाकटा सुटला नाही, पण ते कळायला पुढे बरीच वर्षं जायची होती.

मी समजत होते की आता गाडीचा विषय संपला. महिन्याभरात मुंबईहून पुन्हा खोकं आलं. पिवळ्या काचांचे दिवे. धुक्यात सुद्धा दिसतं म्हणे. मिस्तरी यायच्या आधी मी त्याला आमच्या गड्याकरवी निरोप धाडला की दिवे बसवायला नाही म्हणा. तो आला तो सरळ माझ्याकडे.

"मैंने ना बोला तो वो धुलिया जाएंगे, भाभी," तो म्हणाला. "वहाँ बिठवाएंगे और अकेले चलाएंगे. मैं बिठाऊंगा तो बाजू में तो बैठूंगा."

त्याने दिवे बसवले. गाडीच्या तोंडावर आता इतके दिवे झाले होते की ओळखीची माणसंसुद्धा थांबून बघत.

त्या हिवाळ्यात मिस्तरी जमेल तेव्हा संध्याकाळी यायचा. दोघं फिरायला निघायचे. मी एकदोनदा मागे बसले होते. मिस्तरीच्या तोंडाला खळ नसायचा. ही बघा, आप्पा, कापसाची गाडी चालली डाव्या अंगाने, बैल काय देखणे आहेत. पुढे पुलापाशी रस्ता फार अरुंद केला हो या लोकांनी. अरे, उजवीकडे कोण म्हातारी बसली आहे भारा घेऊन! हे गप्पांमध्ये हुंकार देत आणि चाक त्या त्या वेळी दुसऱ्या बाजूला वळवत. गाडी नीट घरी यायची. उतरल्यावर हे मला म्हणायचे, "पिवया बत्तीनी फरक पडना." मिस्तरी दुसरीकडे तोंड करून बिडी पेटवायचा.

मग जिनिंगचा हंगाम भरात आला आणि मिस्तरीला रोज उशिरापर्यंत इंजिनावर थांबावं लागू लागलं. एका सांजेला मी गाईची धार काढत होते तेव्हा गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. धावत बाहेर येईपर्यंत ती वेशीपार गेली होती.

आमच्याच शिवारात तेव्हा एक भिल्ल कुटुंब बटाईने, म्हणजे पिकाच्या वाट्यावर, जमीन करायचं. त्यांचा माणूस बैल सोडून घरी आणत होता. सगळे दिवे जळत होते, तेव्हा त्याला वाटलं की आप्पांना आपण दिसतोय. तो कडेला झाला, मागचा बैल रस्त्यातच राहिला. गाडी त्याच्यावर गेली.

आम्ही कंदील घेऊन पोचलो तेव्हा हे जमिनीवर बसले होते. बैलाचे पुढचे दोन्ही पाय मोडले होते. तो उठायची धडपड करायचा आणि पडायचा. यांचा हात त्याच्या मानेवर होता. तो भिल्ल दुसऱ्या बैलाचं दावं धरून समोर उभा होता. त्याची बायको मात्र मोठमोठ्याने रडत होती.

"माले दिखनाच नही," हे म्हणाले. मला वाटतं ते तिला सांगत होते. "इतला मोठा बैल, अन् माले दिखना नही."

बैल पहाटेपर्यंत राहिला नाही. दुसऱ्या दिवशी यांनी आमच्या जोडीतला एक बैल त्यांच्या दारात बांधला. माणसाने दावं हातात घेतलं. बायको बाहेर आली नाही. तो गेलेला बैल तिने वासरापासून वाढवला होता, हे मला नंतर कळलं.

मिस्तरीला बोलावणं धाडलं. तो आला तेव्हा त्याला सगळं कळलेलं होतं.

"मिस्तरी, बठ्ठं काढी टाका," हे ओट्यावरून म्हणाले.

दिवसभर तो एकेक दिवा सोडवत राहिला. यावेळी पाने द्यायला कोणी शेजारी बसलं नाही. काम झाल्यावर तो ओट्याशी येऊन उभा राहिला. यांनी विचारलं, पहिल्याच दिवशी फडकं धरलं होतं तेव्हा तुला कळलं होतं ना? मिस्तरी हो म्हणाला.

"मंग बोलना का बर नही?"

"बोलता तो आप मेरे पास फिर आते क्या?"

मिस्तरी सायकल घेऊन निघून गेला. त्यानंतर तो आमच्याकडे आला नाही. एकदा नंदुरबारच्या बाजारात दिसला, तेव्हा त्याने फक्त मुलांची चौकशी केली.

गाडी अक्कलकुव्याच्या एका लाकडाच्या ठेकेदाराने घेतली. तो न्यायला आला त्या दुपारी हे अंगणात आले. तेव्हा त्यांना दिवसा दिसत होतं, पण बाजूचं जायला सुरुवात झाली होती. ठेकेदाराने निघताना डावीकडून हात पुढे केला होता. यांना तो दिसला नाही. ठेकेदाराला वाटलं, आप्पा नाराज आहेत. त्याने हात मागे घेतला, गाडी सुरू केली आणि निघून गेला.