दोन मुठी पावडर

परदेशी यंत्रं मोकळेपणानं यायला लागली त्या काळात नामपल्लीतल्या एका खासगी दवाखान्यानं डायलिसिसची चार मशीनं आणली आणि त्यांना लागणारं पाणी शुद्ध करायला मला ठेवलं. मी नांदेडची, लॅबचा कोर्स केलेली, तारनाक्याला मावशीकडे राहणारी. "पाण्याची कसली गं नोकरी?" असं मावशी विचारायची. सुरुवातीला मलाही तसंच वाटायचं. मग कळलं, एका पेशंटला एका खेपेला शंभरावर लिटर पाणी लागतं आणि त्या पाण्यात अन् पेशंटच्या रक्तात फक्त एक पातळ पडदा असतो. तेव्हापासून मी खाष्ट झाले. प्लांटच्या खोलीत कुणी चप्पल घालून आलं तरी माझा पारा चढायचा.

उन्हाळ्यात नळ कोरडे पडले की टँकर यायचा. तो आणणारे चाचा सगळ्यांचे लाडके, आणि त्यांची बायको आमचीच पेशंट. आम्ही तिला चाची म्हणायचो. टँकर रिकामा करून चाचा तिच्या पलंगापाशी बसायचे आणि चार तास दोघं भांडायची. त्यांना विषय लागायचा नाही. मला ते भांडण ऐकायला फार आवडायचं.

एका सकाळी चाची धापा टाकतच आली. तापामुळे आदली खेप चुकली होती, पाय सुजून तट्ट झाले होते. नर्स सुई घेऊन तयार होती. मी रोजच्यासारखं कोळशाच्या फिल्टरमधून आलेलं पाणी परीक्षानळीत घेतलं, औषधाचे थेंब टाकले. पाणी पिवळं झालं. पिवळं म्हणजे क्लोरीन. कोळशानं तो सगळा शोषून घ्यायला हवा होता. असं पाणी मशीनमध्ये गेलं तर रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, माणूस हातचं जातं. दुसरी नळी घेतली. तीही पिवळी.

मी सगळं थांबवलं. डॉक्टरांनी दोन दवाखान्यांत फोन केले, कुठेच मशीन रिकामं नव्हतं. चाचीला ऑक्सिजन लावला. चाचा माझ्या अंगावर धावून आले.

"कायकू रोके? मेरी औरत का दम घुट रा, दिखता नईं?"

"पानी में क्लोरीन है चाचा! इत्ता कहाँ से आया?"

त्यांचा चेहरा एकदम खुलला. "वो तो मैं डाला. दवाखाने का पानी है बोलके पाउडर दो मुट्ठी जास्ती डाला मैं. एकदम साफ रैना बोलके."

मग मी तोंड सोडलं. काय काय बोलले ते लिहायची आज लाज वाटते. "अपने हाथ से मार देते तुम उन्को," एवढं मात्र नक्की बोलले.

चाचांनी बाह्या सरसावल्या. टाकी रिकामी केली, फिल्टरमधला जुना कोळसा माझ्याबरोबर उपसला, नव्या कोळशाची पोती खांद्यावरून आणली, पावडर न टाकलेला दुसरा टँकर घेऊन आले. मधून मधून पळत जाऊन चाचीचा श्वास बघून यायचे. साडेतीन तासांनी नळीतलं पाणी नितळ राहिलं. मी तीनदा तपासलं आणि मगच मशीन सुरू करायला सांगितलं.

दुपार कलता कलता चाचीचा श्वास खाली बसला. तिनं डोळे उघडले, नवऱ्याचं काळंकुट्ट तोंड बघितलं. "क्या जी, कोयले की दुकान डाले क्या?" चाचांनी काही लपवलं नाही. पावडरीपासून सगळं सांगून टाकलं.

चाची म्हणाली, "तीस बरस में मेरी चाय में चमचा भर शक्कर जास्ती नईं डाले, और ये डाले दो मुट्ठी!"

आम्ही सगळ्या हसलो. चाचा हसले नाहीत. पलंगाच्या कडेला डोकं टेकून ते हुंदके द्यायला लागले. चाचीनं मोकळा हात त्यांच्या डोक्यावर ठेवला. जिला स्वतःला दिवसभरात दोन पेल्यांच्या वर पाणी प्यायची परवानगी नव्हती, ती मला म्हणाली, "बेटी, इन्को पैले ठंडा पानी पिला. सुबह से पिए नईं होंगे."

मी माठातलं पाणी आणलं. सकाळच्या बोलण्याची माफी मागायची होती, पण तोंडून एवढंच निघालं, "लेओ चाचा."